फौंड्रीवाल्यांसाठी बॅटरीवरचा चेहरा धुण्याचा ब्रश : प्रकल्प नोंदी, उद्यमनगर, कोल्हापूर

२ फेब्रुवारी

फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, दिवसभर राबलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची, मानेवरची, कानामागची काजळी काढणारा ब्रश करायचा आहे. हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा. ओल्या हातातून निसटू नये, मोरीत खिळ्याला टांगता यावा आणि शिरोलीतल्या मोल्डरला, म्हणजे ओतकामाचे साचे करणाऱ्या कामगाराला, स्वतःच्या पगारातून परवडावा.

काजळी साध्या साबणाने का निघत नाही, ते आधी बघितलं. साच्याच्या वाळूत सिलिका, बेंटोनाइट, पाणी आणि कोल डस्ट असते. वितळलेलं लोखंड आत पडलं की ही कोळशाची पूड जळते. तिचा गॅस आणि कार्बनचा पातळ थर वाळू आणि धातूच्या मध्ये येतो, म्हणून कास्टिंग गुळगुळीत निघतं. पण हीच पूड दिवसभर हवेत उडत असते. कार्बन पाण्यात विरघळत नाही. अंगच्या तेलकटपणात मिसळून तो रंध्रांच्या तोंडाशी बसतो.

मामांनी सगळी नोकरी मोल्डिंगला काढली. त्यांना आणि त्यांच्या जोडीदारांना विचारलं, तोंड कशाने धुता? कपड्याचा साबण, काथ्या, वज्री. काही जण आधी रॉकेलचं फडकं फिरवतात. मामांच्या मानेवर दोन्ही बाजूंना काळपट पट्टे आहेत. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी ते गेलेले नाहीत.

९ फेब्रुवारी

ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे जाऊन आलो. मामांच्या मानेचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, ही काजळी नाही, हा घासल्याचा डाग आहे. कातडी वर्षानुवर्षं जोरात घासली की ती स्वतःच्या बचावासाठी रंगद्रव्य वाढवते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीत हे जास्त होतं. याला फ्रिक्शन मेलॅनोसिस म्हणतात. माणसाला वाटतं मळ राहिला, म्हणून तो आणखी घासतो आणि डाग आणखी गडद होतो.

कातडीचा सगळ्यात वरचा थर साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर जाडीचा असतो. पाणी आत धरून ठेवायचं आणि जंतू बाहेर ठेवायचे, ही दोन्ही कामं एवढाच थर करतो. कातडी किंचित आम्लधर्मी असते, पीएच ५ च्या आसपास. साबणाचा पीएच ९ ते १०. आधीच साबणाने सैल पडलेल्या थरावर वज्री चालवली तर काय होणार!

निघताना मॅडम म्हणाल्या, "मोटर लावून तेच घासणं वाढवणार असाल, तर बनवू नका."

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं : जोर लावला तर ब्रशने ऐकायचं नाही. पुढचा प्रत्येक निर्णय या एका ओळीवर घासून बघणार.

१६ फेब्रुवारी

बाजारात चेहऱ्याचे ब्रश मिळतात, पण ते मेकअप काढायला केलेले. त्यातला सगळ्यात गाजलेला क्लॅरिसॉनिक. सोनिकेअर हा दातांचा ब्रश ज्यांनी आणला, त्यांच्यापैकीच काही जणांनी तो काढला. २०११ मध्ये लॉरिआलने ती कंपनी घेतली आणि २०२० मध्ये धंदा बंद केला. ब्रशची बदलायची डोकी त्याच कंपनीची लागायची, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या दांड्यांची पंचाईत झाली. आपलं डोकं इथल्या कुठल्याही प्लास्टिक मोल्डिंगवाल्याला करून देता आलं पाहिजे, इतकं साधं हवं.

मोटर : एन२० या छोट्या साइजची, गिअरवाली, ३ व्होल्ट. डोकं ३६ मिमी व्यासाचं. मिनिटाला २०० फेऱ्यांच्या आसपास पुरे.

एकाच दिशेने फिरणारं डोकं मात्र चालणार नाही. पहिला कच्चा नमुना मामांच्या शेजाऱ्यांनी गालावर धरला, हळूहळू नाकाकडे आणला आणि मिशीची कड ब्रशात गुंडाळली गेली. बटण सोडलं तरी केस सुटेनात, डोकं हाताने उलटं फिरवून सोडवावं लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण "व्हतंय भावा, चालू ठेव" म्हणाले. कोल्हापुरात मिशीचा विचार न करता चेहऱ्याचं यंत्र करता येणार नाही. डीआरव्ही ८८३७ ही छोटी चिप घेतली. ती मोटरची दिशा उलटवते आणि दोन सेलवर आरामात चालते. आता दर सेकंदाला दिशा बदलते. गुंडाळायला सुरुवात होते न होते तोच उलगडतं.

२८ फेब्रुवारी

बॅटरीवर बराच काथ्याकूट झाला. सगळे म्हणतात लिथियम घाल, चार्जिंगचं घाल, दिसायला भारी वाटतं. मी हिशेब मांडला. मोटर चालताना १५० मिलीअँपिअरच्या आसपास घेते. वापर दिवसाला फार तर दोन मिनिटं. साध्या एए अल्कलाइन सेलची जोडी सहा महिने सहज जाईल.

मग चार्जिंगसाठी भोक पाडायचं कशाला? प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. लिथियम सेल आला की तो आयएस १६०४६ या भारतीय मानकाखाली नोंदणी झालेलाच हवा, कुरियरने पाठवायचा तर यूएन ३८.३ चा, म्हणजे वाहतुकीतल्या सुरक्षेचा, चाचणी दाखला हवा, चार्जिंगचं सर्किट वेगळं, केबल वेगळी. एए सेल आमच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीतही मिळतो. दोन सेल, मागे चुडीचं झाकण, झाकणाला ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. बॅटरीच्या, म्हणजे टॉर्चच्या, झाकणाचीच पद्धत. ठरलं.

संपलेले सेल तसेच आत ठेवले तर गळतात. म्हणून सेल उतरले की ब्रश सुरू होताना दोनदा अडखळेल. तो इशारा. दिवा नको, साबण डोळ्यात असताना दिवा कोण बघतो?

८ मार्च

आजचा दिवस पूर्ण सीलमध्ये गेला, आणि सीलनेच सगळ्या प्रकल्पाला वळण दिलं.

फिरणारा शाफ्ट दांड्यातून बाहेर येणार, तिथे ऑइल सील लागणार. सीलची ओठासारखी कड शाफ्टला घट्ट धरते म्हणून पाणी थांबतं. पण त्याच घट्टपणाने एवढ्याशा मोटरचा निम्मा जोर खाल्ला जातो. सैल केलं तर पाणी आत. वर इथे साबणासोबत सिलिकाचे कण असणार. सिलिकाचं काठिण्य मोह्सच्या मापावर ७. ते कण कडेखाली शिरले की शाफ्टवर चर पाडणार आणि काही महिन्यांत सील गेलंच.

टर्नर काकांच्या लेथपाशी हे बोलत होतो. त्यांच्याकडे हुपरीच्या एका चांदीवाल्याचा प्लेटिंगचा पंप दुरुस्तीला आला होता. काकांनी तो उघडूनच दाखवला. "ह्यातनं शाफ्ट भाईर येतच न्हाई बघ. ह्या अंगाला चुंबक, त्या अंगाला चुंबक, मधी भिंत. भिंतीतनंच वढत नेतंय. गळायला जागाच न्हाई."

"आणि पंप अडकला तर?"

"निसटतंय की. मोटर फिरत ऱ्हाती, पंखा जाग्यावर."

मी तिथेच स्टुलावर बसलो. वहीची पहिली ओळ आणि सीलची अडचण, दोन्हींवर तोडगा एकाच ठिकाणी होता. मोटरच्या टोकाला चुंबकांची चकती, मध्ये प्लास्टिकची अखंड भिंत, पलीकडे डोक्यात चुंबकांची दुसरी चकती. पाण्याला वाटच नाही. आणि माणसाने डोकं जोरात दाबलं की ही चुंबकांची जोडणी, म्हणजे कपलिंग, निसटणार. जोर लावला तर ब्रश ऐकणार नाही, आणि त्यासाठी प्रोग्रॅमची एक ओळसुद्धा लागणार नाही.

१९ मार्च

काकांनी डेलरिन या टणक प्लास्टिकच्या सळईतून नमुना काढून दिला. थ्रीडी प्रिंट थरांमधून झिरपते, तिला बाहेरून इपॉक्सी चोळत बसावं लागतं. आपल्याकडे दर गल्लीत लेथ असताना प्रिंटच्या नादाला कशाला लागायचं?

दोन्ही चकत्यांत चार-चार निओडायमियम चुंबकं, ध्रुव आलटून पालटून. भिंत दीड मिलिमीटर. पहिल्या जोडणीत कपलिंग इतकं घट्ट बसलं की निसटेचना. जसजशा मध्ये पातळ चकत्या घालून फट वाढवत गेलो, तसतशी पकड झपाट्याने उतरली. चुंबकाची ओढ अंतराने फार लवकर कमी होते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचाही फरक हाताला कळतो.

मोजायची पद्धत : स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर शॅमॉयचं ओलं, साबण लावलेलं कातडं ताणून बसवलं. ब्रश चालू करून त्यावर दाबत न्यायचा आणि तो निसटतो तेव्हाचा आकडा बघायचा. १५० ग्रॅमच्या आसपास निसटेल अशी फट ठेवली आहे. मामांच्या हातात काथ्या देऊन त्याच काट्यावर रोजच्यासारखं घासायला सांगितलं, तर आकडा एक किलोच्या वर गेला. हा फरक बघून मामाच गप्प झाले.

चुंबकं एकमेकांना ओढतात, त्यामुळे डोकं भिंतीवर सतत दाबलं जातं. मध्यभागी स्टेनलेसची पिन आणि तिच्यावर गोल टोकाचा टेकू दिला. घर्षण नगण्य.

३० मार्च

निसटताना कपलिंग खडखडतं. चार जणांना ब्रश वापरायला दिला. चौघांनीही खडखड ऐकली आणि ब्रश बिघडला म्हणून परत आणून दिला.

माणसाला यंत्राने नीट सांगितलं पाहिजे. मोटरच्या वाटेत ०.४७ ओहमचा रेझिस्टर घातला. कपलिंग निसटू लागलं की मोटरचा करंट वरखाली हेलकावे खातो. एटीटायनी कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम घालायची छोटी चिप, हे हेलकावे ओळखून मोटर थांबवतो आणि एका सेकंदाने हळू सुरू करतो. आता दाबलं की थांबतं, उचललं की चालतं. काही समजावून सांगायला लागत नाही, हात आपोआप हलका होतो.

११ एप्रिल

फेटलिंग शॉपमध्ये ब्रश नेला आणि नवीन प्रश्न घेऊन आलो. फेटलिंगमध्ये कास्टिंगची कड ग्राइंडरने मारतात, तिथल्या हवेत लोखंडाची भुकटी असते. तिथल्या एका पोराने ब्रश तोंडावर फिरवून मला परत दिला. ब्रशच्या डोक्यावरच्या केसांच्या मुळाशी काळ्या, टोकदार कणांची दाढी उगवलेली. चुंबकांनी त्याच्या चेहऱ्यावरचं लोखंड गोळा केलं होतं.

पोरगं खूश, "बघा किती निघालं!" पण हे कण केसांत अडकून दुसऱ्या दिवशी गालावर फिरणार, म्हणजे पॉलिश पेपरच. हे असं सोडता येणार नाही.

१४ एप्रिल

चुंबकाच्या पाठीला लोखंडाची पट्टी दिली की चुंबकीय रेषा तिच्यातूनच वळतात, बाहेर फारशा पडत नाहीत. डोक्यात चुंबकं आणि केस यांच्या मध्ये चकती घालायची, असं ठरवलं. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, पाण्यात गंजेल. ३०४ स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही, त्याचा उपयोग नाही. ४३० ग्रेड स्टेनलेस चुंबकीय असतं आणि गंजतही नाही. भांड्याच्या भंगारातला पत्रा मिळाला, दोन थर देऊन दीड मिलिमीटर केला. मोटरकडच्या चकतीलाही तसाच.

फेटलिंगची भुकटी पिशवीत आणून ठेवली होती. नवीन डोकं केसांच्या बाजूने तिच्यात बुडवून झटकलं. केसांत जवळपास काही नाही, फक्त कडेला एक बारीक काळी रेघ. कपलिंगची पकड थोडी वाढलीही, कारण रेषा आता फुकट जात नाहीत. त्यामुळे फट पुन्हा बसवून घेतली. डोकं काढलं की आतल्या तोंडावर भुकटी बसते, ती बाजू सपाट गुळगुळीत ठेवली आहे. अंगठा फिरवला की साफ.

शिवाय वापरायच्या सूचनेत पहिली ओळ : आधी नुसत्या पाण्याने तोंड धुवा. वाळूचे मोकळे कण पाण्यानेच जाऊ देत.

२६ एप्रिल

ब्रशचे केस. नायलॉन ६ स्वस्त, पण पाणी पितं आणि ओलं झालं की मऊ पडतं. सकाळी एक ब्रश आणि दोन मिनिटांनी दुसराच. पीबीटी हे दुसरं प्लास्टिक पाणी जवळजवळ घेत नाही. पीबीटीचे, टोकाकडे निमुळते होत जाणारे केस मागवले.

दोन पुरवठादारांचे नमुने खिशातल्या मायक्रोस्कोपखाली ठेवले. एकाच्या केसांची टोकं उसाच्या कापलेल्या कांड्यासारखी, सपाट आणि कडेला धारदार. दुसऱ्याची घासून गोल केलेली. बोटाला दोन्ही सारखीच मऊ लागतात, फसवणूक इथेच होते. खात्रीसाठी जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर साबण लावून दोन्ही चालवले. धारदार टोकांनी बारीक ओरखड्यांची जाळी पाडली, गोल टोकांची सीडी तिरप्या उजेडात धरली तरी स्वच्छ. महाग पडला तरी दुसराच घेणार. यावर घासाघीस नाही.

१० मे

पाण्याची चाचणी. आयपीएक्स७ हा पाणी न शिरण्याचा दर्जा, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. चार इंची पीव्हीसी पाइप एका बाजूने बंद करून उभा केला, पाण्याने भरला. ब्रशच्या आत निळं सिलिका जेल ठेवलं, ओल लागली की ते गुलाबी होतं. निळंच राहिलं.

पण आपली माणसं कढत पाण्याने अंघोळ करतात आणि ब्रश गार पाण्याच्या बादलीत टाकतात. दांड्यातली हवा ४५ अंशांवरून २५ वर आली की आतला दाब सुमारे ६ टक्के उतरतो. म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त खोल पाण्याइतकी ओढ बाहेरून आत लागते, तीही साध्या बादलीत. गरम-गार असं आलटून पालटून दिवसभर केलं. झाकणाची ओ-रिंग २.५ मिमीची, चर २ मिमी खोल, म्हणजे रिंग २० टक्के दाबली जाते. रबर नायट्राइल, कारण त्याला तेल चालतं. जेल निळं.

तेलाचा मुद्दा येतोच. काजळी सुटायला सगळ्यात चांगला उपाय म्हणून आधी खोबरेल बोटाने चोळायचं आणि मग साबण. कार्बन तेलात सैल होतो, रॉकेलची गरजच उरत नाही. मॅडमनी याला मान डोलावली.

२४ मे

डायवाल्यांशी, म्हणजे प्लास्टिकचे साचे करणाऱ्यांशी, बैठक. मी दांड्यासाठी एबीएस प्लास्टिक धरलं होतं, पण ताणाखाली असलेल्या एबीएसला तेलाने बारीक चिरा जातात, आणि चुडीचं झाकण कायम ताणातच असतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) तेलाला दाद देत नाही. डायवाले म्हणाले, "पीपी गार होताना आवळतंय जास्त. एबीएसला अर्धा टक्का, ह्याला दीड ते दोन. तुमची ओ-रिंगची जागा मापात कशी बसायची?"

तोडगा त्यांनीच काढला. ओ-रिंगच्या जागेला डायमध्ये वेगळा इन्सर्ट, म्हणजे सुटा तुकडा, आणि त्यावर लोखंड राखून ठेवायचं. पहिले शॉट मारायचे, म्हणजे काही नग काढायचे, मोजायचं, मग लागेल तेवढं घ्यायचं. राखलेलं लोखंड काढता येतं, काढलेलं परत लावता येत नाही.

पीपीला गोंद धरत नाही, तेव्हा डोक्यातली चुंबकं झाकायची टोपी फिरवून वितळवून बसवायची. हे काकांनी लेथवर करून दाखवलं : टोपी चकमध्ये, डोकं टेलस्टॉककडून दाबलं, क्षणभर फिरवलं, थांबवलं. कापून बघितलं तर जोड कुठे आहे ते ओळखू येत नाही.

१५ जून

पाऊस लागला. मामांच्या जुन्या फौंड्रीतली काही माणसं गेले काही आठवडे ब्रश वापरत आहेत. कुणाचीही कातडी लाल झालेली नाही. नाकाच्या बाजूची आणि कानामागची काजळी निघते. नखांच्या कडेची निघत नाही, आणि तो या ब्रशचा विषयही नाही.

एक गोष्ट बघून धास्तावलो. कंपनीच्या मोरीत एकच ब्रश तिघं वापरत होते. नायटा असाच पसरतो. दांडा सगळ्यांत एक चालेल, डोकं ज्याचं त्याला. डोक्याच्या कडेला वेगवेगळे रंग देणार, आणि डोकं खाली करून टांगायची कडी, म्हणजे पाणी निथळून केस वाळतात. ठिणगीने भाजलेल्या जागेवर, फोडांवर, कापल्यावर ब्रश लावायचा नाही, हे खोक्यावर चित्रासह.

मामा आता काथ्या वापरत नाहीत. मानेचे पट्टे आहेत तसेच आहेत, मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे फिकट व्हायला बरेच महिने जातील. त्यांच्या मानेचा फोटो दर महिन्याला त्याच उजेडात काढून ठेवतो आहे.

६ जुलै

डोक्याची डाय आधी लावायला सांगितली, दोन कॅव्हिटीची, म्हणजे एका वेळी दोन नग काढणारी. दांडा तूर्त लेथवर डेलरिनमध्ये निघेल. डोकी मात्र केस वाकले की बदलायची, तीच जास्त लागणार. कपलिंगच्या फटीचं माप ड्रॉइंगवर टॉलरन्ससह, म्हणजे किती फरक चालेल त्यासह, टाकलं आहे आणि बाजूला लिहिलं आहे : हे माप स्वस्ताईसाठी बदलू नये. प्रत्येक ब्रश पॅक होण्याआधी वजनकाट्यावर दाबून बघायचा, १५० च्या फार पुढे गेला तर बाजूला.

डायवाल्यांना आगाऊ रक्कम दिली. ट्रायल शॉटची तारीख ते सोमवारी कळवतील.